कोळंबीच्या नावाचा देश

थ्रेड : एका नदीला घाईने दिलेले नाव साडेपाचशे वर्षांत एका राष्ट्राचे नाव कसे झाले, आणि त्या नावातल्या एका अक्षरासाठी माणसे का भांडली. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

देशांना नावे पडतात ती राजांवरून, जमातींवरून, पर्वतांवरून, क्वचित दिशांवरून. कवचधारी जलचरावरून नाव पडलेला देश मात्र बहुधा जगात एकच आहे : पश्चिम-मध्य आफ्रिकेतील कॅमेरून. पोर्तुगीज भाषेत कोळंबीला 'कामारांव' म्हणतात, अनेकवचनी 'कामारोंइश'. या अनेकवचनातूनच स्पॅनिश, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच जिभांवर घासत घासत आजचे 'कॅमेरून' तयार झाले.

हा शब्द पोर्तुगीजांच्याही आधीचा. ग्रीक 'काम्मारोस', त्यावरून लॅटिन 'काम्मारुस'. मूळ अर्थ शेवंडीसारखा, नांग्या असलेला प्राणी. लॅटिनच्या लेकींनी तो आपापल्या सोयीने वाटून घेतला. इटालियनमध्ये 'गांबेरो' झाला, स्पॅनिशमध्ये 'कामारोन', पोर्तुगीजमध्ये 'कामारांव'. म्हणजे शब्द मुळातच ढिला होता; शेवंड, खेकडा, कोळंबी यांच्या सीमेवर घुटमळणारा. हा ढिलेपणा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तुलनेसाठी आपला किनारा पाहावा. मोठी ती कोळंबी, लहान ती करंदी, त्याहून बारीक तो जवळा, वाळवला की त्याचे सुकट, आणि कोळंबी सोलून वाळवली की सोडे. मालवणपासून गोव्यापर्यंत 'सुंगटां'. ज्यांचे पोट एखाद्या जीवावर चालते त्यांच्या भाषेत त्याची नावे काटेकोर असतात. जहाजाच्या कठड्यावरून पाण्यात डोकावणाऱ्या परक्या खलाशाला एकच शब्द पुरतो.

आता त्या जहाजाकडे.

१४६९ मध्ये पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सू याने लिस्बनच्या फेर्नांव गोमेश नावाच्या व्यापाऱ्याला गिनीच्या किनाऱ्यावरील व्यापाराचा मक्ता दिला. राजाला वर्षाला २,००,००० रेआइश मिळायचे होते; शिवाय एक विलक्षण अट होती. मक्तेदाराने दरवर्षी आणखी १०० लीग किनारा शोधून काढायचा. भूगोलाचा शोध असा कंत्राटावर दिल्याचे उदाहरण इतिहासात विरळा. परिणाम मात्र झटपट दिसला. १४७१ मध्ये गोमेशची माणसे आजच्या घानाच्या सोनेरी किनाऱ्यावर पोहोचली, आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास गिनीच्या आखाताच्या कोपऱ्यात, जिथे आफ्रिकेचा किनारा पूर्वेकडून एकदम दक्षिणेकडे वळतो, तिथे. या टप्प्याशी फेर्नांव दु पो याचे नाव परंपरेने जोडले जाते. समोर दिसलेल्या बेटाला त्याने 'फोर्मोझा' म्हणजे 'सुंदर' असे नाव दिले. पुढे ते बेट त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले; आजचे बिओको ते हेच. बेटासमोरच्या मुख्य भूमीवर चार हजार मीटरांहून उंच ज्वालामुखी उभा होता आणि त्याच्या पायथ्यालगत एका मोठ्या नदीची खाडी उघडत होती. खाडीत जलचरांचे इतके थवे होते की खलाशांनी नकाशावर लिहून टाकले : 'रिउ दुश कामारोंइश', कोळंब्यांची नदी.

नदीला नाव नव्हते असे नाही. काठावरचे लोक तिला आपल्या नावाने ओळखत होतेच. आज ती वुरी म्हणून ओळखली जाते. पण नकाशा लिस्बनमध्ये निघत होता.

या काळातली पोर्तुगीज नावे ओळीने वाचली तर एक प्रकारची व्यापारी वही वाचल्यासारखे वाटते. मिरीसारखे दाणे जिथे मिळाले तो दाण्यांचा किनारा, मग हस्तिदंताचा, मग सोन्याचा. खाडीचा आकार टोपीवाल्या झग्यासारखा वाटला म्हणून त्या झग्याच्या 'गाबांव' या शब्दावरून गॅबन. सरोवरांवरून लागोस. आणि आजच्या नायजेरियात एक नदी आहे, तिचे नाव 'एस्क्रावोस', अर्थ 'गुलाम'. कोळंबीचे नाव मिळालेली नदी आणि गुलामांचे नाव मिळालेली नदी एकाच आखातात आहेत. खलाशांच्या लेखी दोन्ही माहिती एकाच जातीची होती : इथे काय मिळते.

त्या खाडीत मिळाले ते मात्र खरी कोळंबी नव्हे.

१९२५-२६ मध्ये तेओदोर मोनो हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ मासेमारीच्या अभ्यासासाठी कॅमेरूनमध्ये होता. (पुढे सहारा वाळवंटाचा अभ्यासक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला.) देशाला ज्या प्राण्याने नाव दिले तो प्राणी नेमका कोणता, यावर त्याने १९२७ मध्ये स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. त्याचे उत्तर होते 'कालियानासा तुर्नेराना'. आजच्या वर्गीकरणात 'लेपिडोफ्थाल्मस तुर्नेरानस'. खाडीच्या चिखलात बिळे करून राहणारा, फिकट अंगाचा, एक नांगी दुसरीहून मोठी असलेला प्राणी. इंग्रजीत त्याच्या जातभाईंना भुताची कोळंबी म्हणतात, कारण एरवी तो कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. पण काही वर्षांच्या अंतराने, पावसाळ्याच्या दिवसांत, हे जीव लाखोंच्या संख्येने बिळांतून बाहेर पडतात आणि वुरीच्या पाण्यावर अक्षरशः साय धरावी तसे पसरतात. नदीकाठचे लोक टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात. खलाशी नेमके अशाच एखाद्या हंगामात तिथे पोहोचले असावेत, हे मोनोचे अनुमान आजही सर्वसाधारणपणे मान्य आहे.

प्राणिशास्त्राच्या हिशेबाने हा जीव कोळंबीपेक्षा खेकडा आणि शेवंड यांना जवळचा. म्हणजे लिस्बनच्या नकाशातला 'कामारांव' चुकला. पण 'काम्मारुस' या जुन्या, ढिल्या लॅटिन शब्दाच्या अर्थात तो चपखल बसतो. भाषेने नकळत केलेला हा न्याय म्हणायचा.

हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही आला, तेव्हा एक छोटे विषयांतर. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राजवट असूनही कोकणी माणसाने 'सुंगट' सोडला नाही. 'कामारांव' राहिला तो ताटातल्या काही पदार्थांपुरता : कोळंबीचे सारण भरून तळलेल्या, अर्धचंद्राच्या आकाराच्या 'रिसॉइश'मध्ये. आणि गोव्याचे म्हणून जगभर मिरवणारे कोळंबीचे 'बाल्शांव' पाहावे तर त्याचे नाव मलय भाषेतल्या 'बलाचान' या आंबवलेल्या कोळंबीच्या लगद्यावरून, पोर्तुगीजांच्याच जहाजातून मलाक्क्याहून आलेले. जिथे स्थानिकांची सत्ता बुडाली होती त्या गोव्यात परका शब्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला. ज्या खाडीवर पोर्तुगीजांनी कधी राज्यच केले नाही, तिथे तो अख्ख्या देशावर चढून बसला.

वुरीच्या काठावर दुआला लोकांची वस्ती होती. आपल्या परंपरेत ते स्वतःला एवाले नावाच्या पूर्वजाचे वंशज मानतात. शतकानुशतके त्यांचा धंदा मध्यस्थीचा : आतल्या मुलखातला माल किनाऱ्यावर आणायचा आणि युरोपीय जहाजांना विकायचा. हस्तिदंत, पुढे गुलाम, आणि १९व्या शतकात पामतेल. या व्यापारातून बेल आणि अक्वा ही दोन घराणी प्रबळ झाली. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी त्यांच्या वस्तीचे नाव होते 'कॅमेरून्स'. नदीचे नाव असे गावाला लागले.

१८७९ आणि १८८१ मध्ये या राजांनी ब्रिटनला पत्रे धाडून संरक्षण मागितले. आपापसांतल्या भांडणांनी ते जेरीस आले होते. लंडनला निर्णय घ्यायला वेळ लागला. शेवटी वकील एडवर्ड ह्युएट निघाला, पण ११ जुलै १८८४ रोजी 'म्योवे' ही जर्मन युद्धनौका खाडीत शिरली. तिच्यावर होता गुस्ताव नाख्तिगाल, पेशाने वैद्य, नावाजलेला सहारा-प्रवासी आणि आता बिस्मार्कचा प्रतिनिधी. १२ जुलैला हाम्बुर्गच्या व्यापारी पेढ्यांच्या माणसांनी बेल आणि अक्वा यांच्याशी करार केला. १४ तारखेला जर्मन झेंडा चढला. ह्युएट पोहोचला १९ तारखेला. इंग्रजांनी नंतर त्याचे नावच 'उशीर झालेला ह्युएट' असे पाडले.

या करारातला एक भाग महत्त्वाचा आहे. राजांनी सार्वभौमत्व दिले, पण अटी घातल्या. कसत असलेली जमीन आणि वसलेली गावे आजच्या मालकांकडे व त्यांच्या वारसांकडेच राहतील. आतल्या मुलखाशी थेट व्यापार गोरे लोक करणार नाहीत. दुआला राजे भोळे होते आणि मण्यांच्या माळांवर भुलले, असे जे चित्र रंगवले जाते ते या कागदापुढे टिकत नाही. त्यांना कराराची भाषा कळत होती. करार पाळला जाणार नाही, हे मात्र त्यांना तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

जर्मनांनी नाव उचलले आणि आपल्या लिपीत 'क' अक्षराने लिहिले : 'कामेरुन'. आता ते गावापुरते उरले नाही. किनाऱ्यापासून पार चाड सरोवरापर्यंतचा मुलूख, ज्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता, मग कोळंबीची गोष्टच सोडा, तो सगळा 'कामेरुन' झाला. नाव इतके फुगले की मूळ गावाला ते मोठे पडू लागले, आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला त्या गावाला पुन्हा लोकांचे नाव देण्यात आले : दुआला. नदीने गावाला, गावाने वसाहतीला नाव दिले. शेवटी गाव रिकाम्या हाताने परत आपल्या माणसांच्या नावाकडे आले.

पण माणसांना तिथे राहू द्यायचे नव्हते. १९१० मध्ये जर्मन प्रशासनाने आराखडा केला : नदीकाठच्या मोक्याच्या जागेवरून दुआलांना हलवायचे, आत नव्या वस्त्यांत न्यायचे, आणि गोऱ्यांची वस्ती व त्यांची वस्ती यांच्यात एक किलोमीटर रुंदीचा मोकळा पट्टा ठेवायचा. कारण सांगितले गेले हिवतापाचे. स्थानिकांच्या रक्तातून डास ताप आणतात, म्हणून अंतर हवे. वैद्यकाच्या आवरणाखाली जमिनीचा बाजारभाव होता, हे तेव्हाही अनेकांना दिसत होते.

करारावर सही करणाऱ्या बेल राजाचा नातू त्या वेळी गादीवर होता. रुडॉल्फ दुआला मांगा बेल, जन्म १८७३, शिक्षण जर्मनीत, आलेन आणि उल्म या गावी. १९०८ पासून राजा. तो जर्मनांचा शत्रू नव्हता, उलट त्यांच्या कायद्यावर त्याचा विश्वास होता. म्हणून त्याने १८८४चा कागद पुढे केला. अर्ज केले, तारा केल्या, राइश्टागपुढे, म्हणजे जर्मन संसदेपुढे, दाद मागितली. प्रशासनाने त्याला पदावरून दूर केले. दुआलांना देशाबाहेर जाण्याची परवानगी नाकारली जात होती, तेव्हा त्याचा सचिव अडॉल्फ न्गोसो दिन गुपचूप जर्मनीत पोहोचला आणि तिथे त्याने वकील व पत्रकार गाठले. प्रकरण संसदेत गाजले. पण आराखडा थांबला नाही.

मग मांगा बेलने इतर राजांकडे निरोप पाठवले. त्यातला एक बामुमचा सुलतान न्जोया याच्या दरबारी पोहोचला, आणि न्जोयाने ती गोष्ट मिशनऱ्यांच्या कानी घातली. मे १९१४ मध्ये मांगा बेलला अटक झाली. आरोप राजद्रोहाचा. ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटले आणि घाई झाली. ७ ऑगस्टला खटला चालला, ८ ऑगस्ट १९१४ रोजी मांगा बेल आणि न्गोसो दिन या दोघांना दुआलात फाशी देण्यात आले. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांत, २७ सप्टेंबरला, जर्मनांनी दुआला शहर इंग्रज-फ्रेंच फौजांच्या स्वाधीन केले.

पहिल्या महायुद्धानंतर कामेरुनची फाळणी झाली. सुमारे चार पंचमांश भाग फ्रान्सकडे, नायजेरियाला लागून असलेले दोन तुकडे ब्रिटनकडे. फ्रेंचांनी 'क'चा 'सी' करून आपल्या पद्धतीने लिहिले, इंग्रजांनी शेवटी 'एस' जोडून अनेकवचन केले. एकाच कोळंबीची तीन स्पेलिंगे झाली.

आणि इथे इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवाद्यांना एकत्र देशाची आठवण जागवायची होती, पण ते देशाचे कोणते नाव घेणार? फ्रेंच स्पेलिंग घेतले तर फ्रेंच भाग, इंग्रजी घेतले तर इंग्रज भाग. म्हणून त्यांनी जर्मन 'के' परत आणला. १९५०च्या दशकात ब्रिटिश भागात स्थापन झालेल्या पक्षांची नावेच 'कामेरुन नॅशनल काँग्रेस', 'कामेरुन नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी', 'वन कामेरुन' अशी होती. फ्रेंच भागात रुबेन उम न्योबेच्या यूपीसीने हेच अक्षर मिरवले. न्योबे १९५८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या गोळीला बळी पडला. ज्या सत्तेने मांगा बेलला फासावर चढवले तिचेच स्पेलिंग फाळणीविरुद्धचे निशाण व्हावे, यात विसंगती आहे खरी. पण मधल्या ३०-३५ वर्षांत त्या 'के'चा अर्थ बदलला होता. तो जर्मनांचा उरला नव्हता; तुटण्यापूर्वीच्या नकाशाचा झाला होता.

१ जानेवारी १९६० रोजी फ्रेंच भाग 'रिपब्लिक ऑफ कॅमेरून' या नावाने स्वतंत्र झाला. ११ फेब्रुवारी १९६१ रोजी ब्रिटिश तुकड्यांत सार्वमत झाले. पर्याय दोनच : नायजेरिया किंवा कॅमेरून. स्वतंत्र राहण्याचा तिसरा रकाना मतपत्रिकेवर नव्हताच. उत्तरेकडचा तुकडा नायजेरियात गेला. दक्षिणेकडच्याने २,३३,५७१ विरुद्ध ९७,७४१ मतांनी कॅमेरून निवडला. १ ऑक्टोबर १९६१ रोजी दोन राज्यांचे संघराज्य अस्तित्वात आले. १९७२ मध्ये संघराज्य मोडून 'युनायटेड रिपब्लिक' करण्यात आले. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी 'युनायटेड' हा शब्दही काढला. उरले 'रिपब्लिक ऑफ कॅमेरून'.

वरवर पाहता हा निव्वळ कागदी बदल. पण १९६० मध्ये हे नाव फक्त फ्रेंच भागाचे होते. फॉन गोर्जी दिंका या इंग्रजीभाषक वकिलाने युक्तिवाद केला की जुने नाव परत घेऊन त्या भागाने स्वतःच संघातून अंग काढून घेतले आहे. आपल्या भागासाठी त्याने किनाऱ्यावरच्या अँबास उपसागरावरून 'अँबाझोनिया' हे नाव घडवले. त्याला तुरुंगवास घडला. नाव मात्र टिकले. २०१६ मध्ये इंग्रजीभाषक वकील आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, १ ऑक्टोबर २०१७ रोजी फुटीरवाद्यांनी अँबाझोनियाचे स्वातंत्र्य घोषित केले, आणि तेव्हापासूनच्या संघर्षात हजारो माणसे मारली गेली, लाखो परागंदा झाली. देशाच्या नावात 'युनायटेड' असावे की नसावे, हा वाद म्हणूनच तिथे कोणी शब्दांचा खेळ समजत नाही.

एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल : मग या देशाने नावच का बदलले नाही? गोल्ड कोस्टचे घाना झाले, दाहोमेचे बेनिन झाले. कॅमेरूनमध्ये दोनशेहून अधिक भाषा आहेत. त्यांतल्या एकीचे नाव घेतले की बाकीच्या दुखावणार. कोळंबी कोणाच्याच जातीची नाही, आणि तिचा अर्थ इंग्रजी वा फ्रेंच बोलणाऱ्याला ऐकूही येत नाही. फ्रेंचमध्ये कोळंबी म्हणजे 'क्रेव्हेत', मूळ अर्थ छोटी शेळी, तिच्या उड्यांवरून. अर्थ विझलेले नाव सर्वांना सारखेच परके, म्हणून सर्वांना सारखेच चालणारे. शिवाय देशाच्या फुटबॉल संघाने स्वतःला 'अदम्य सिंह' म्हणवून घेतलेच आहे.

बर्लिनच्या वेडिंग भागात आफ्रिकन क्वार्टर म्हणून मोहल्ला आहे. तिथल्या एका चौकाला शंभरहून अधिक वर्षे गुस्ताव नाख्तिगालचे नाव होते. बरीच वर्षे चाललेल्या वादानंतर २ डिसेंबर २०२२ रोजी तिथे नवी पाटी लागली : मांगा-बेल-प्लाट्झ. त्या समारंभाला बेल घराण्याचा विद्यमान राजा दुआलाहून आला होता. त्याच रात्री कतारमधल्या विश्वचषकात कॅमेरूनने ब्राझीलला १-० असे हरवले. पुरुषांच्या विश्वचषकात ब्राझीलला हरवणारा तो पहिला आफ्रिकी संघ. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. दुसऱ्या दिवशीच्या तिथल्या वृत्तपत्रांत विजेत्या देशाचे नाव आणि बाजारातल्या कोळंबीचे नाव यांत फरक होता तो फक्त पहिल्या, मोठ्या लिपीतल्या अक्षराचा.